समुद्री गवताची ऋतुनिष्ठ वाढ व पुनरुत्पादन

समुद्री गवत म्हणजे खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात बुडून राहणाऱ्या, तेथेच फुलणाऱ्या व फळणाऱ्या सपुष्प वनस्पतींचा गट. उथळ समुद्रतळावर आणि खाड्यांच्या चिखलात या वनस्पती दाटीने वाढतात. अशा विस्ताराला समुद्री गवताचे कुरण म्हणतात. कुरणाची वाढ वर्षभर सारखी नसते. प्रकाश, तापमान, पाण्याची क्षारता व गढूळपणा यांच्यानुसार ते दाट होते, विरळ होते आणि काही ठिकाणी काही महिने पूर्णपणे दिसेनासे होते. समशीतोष्ण प्रदेशात हे चक्र मुख्यतः तापमान व दिवसाची लांबी यांनी ठरते. कोकण व गोव्याच्या खाड्यांमध्ये ते नैर्ऋत्य मोसमी पावसाने ठरते. या किनाऱ्यावरील छोट्या जाती पावसाळ्याचा काळ बहुधा चिखलातील बी आणि उरलेसुरले खोड यांच्या रूपाने काढतात व पाऊस ओसरल्यावर पुन्हा पसरतात. म्हणून येथील कुरण ओळखण्यासाठी आणि जपण्यासाठी त्याचे ऋतुचक्र समजून घेणे आवश्यक ठरते.

## नाव व वर्गीकरण

नावात ‘गवत’ असले तरी या वनस्पती ज्वारी, ऊस, हरळी यांच्या तृणकुलातील नाहीत. पाने लांबट आणि विस्तार कुरणासारखा, एवढ्या साम्यावरून हे नाव पडले. त्यांची गणना एकदलिकित वनस्पतींत होते. जगात त्यांच्या सुमारे ७० जाती मानल्या जातात. भारताच्या किनाऱ्यांवर सुमारे १५ आढळतात. झोस्टेरेसी, पॉसिडोनिएसी, सायमोडोसिएसी आणि हायड्रोकॅरिटेसी ही त्यांची प्रमुख कुले होत. जमिनीवरील वनस्पतींचे वंशज पाण्यात व तेथून समुद्रात परतले आणि हे परतणे किमान तीन वेळा स्वतंत्रपणे घडले, असे मानले जाते.

समुद्री गवत आणि समुद्री शेवाळ यांत नेहमी गल्लत होते. शेवाळाला खरी मुळे, फुले, फळे वा बी नसते. ते बहुधा खडकाला चिकटून वाढते. समुद्री गवताला मुळे, खोड, पाने व वाहक ऊती असतात आणि ते वाळूत किंवा चिखलात रुजते. बोलीभाषेत पाण्यातील कोणत्याही हिरव्या वाढीला ‘शेवाळ’ म्हणण्याची रीत असल्याने हा भेद अधिकच झाकला जातो.

हायड्रोकॅरिटेसी कुलाचे काही सदस्य गोड्या पाण्यात राहतात. महाराष्ट्राच्या पठारावरील तळी व धरणांच्या उथळ पाण्यात वाढणाऱ्या हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या वनस्पती याच कुलातील आहेत. त्यामुळे समुद्रापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही समुद्री गवताचे जवळचे आप्त पाहता येतात.

## शरीररचना व वाढीची पद्धत

समुद्री गवताचे मुख्य अंग म्हणजे चिखलाखाली आडवे वाढणारे खोड, अर्थात मूलक्षोड. आले व हळद यांचे खोड अशाच प्रकारचे असते. वाढीची रीत मात्र हरळीची आठवण करून देते. मूलक्षोडाच्या प्रत्येक पेऱ्यावर खाली मुळे आणि वर पानांचा झुपका फुटतो. टोकाची कळी पुढे सरकत राहते, बाजूच्या कळ्यांपासून फांद्या निघतात आणि एका रोपापासून मोठा पट्टा हिरवा होतो.

चिखलात प्राणवायू अत्यल्प असतो. पाने प्रकाशसंश्लेषणातून प्राणवायू निर्माण करतात आणि तो देठ व मूलक्षोडातील हवेच्या पोकळ्यांमधून मुळांपर्यंत पोचतो. पाणी गढूळ होऊन पानांना प्रकाश मिळेनासा झाला की अन्ननिर्मितीबरोबर मुळांचा प्राणवायूही घटतो. अंधारात कुरण झपाट्याने का मरते, याचे एक कारण या रचनेत आहे.

वाढीचा वेग जातीनुसार फार वेगळा असतो. *हॅलोफिला ओव्हॅलिस* या छोट्या जातीचे मूलक्षोड एका वर्षात साडेतीन मीटरपर्यंत पुढे जाऊ शकते. भूमध्य समुद्रातील *पॉसिडोनिया ओशिआनिका* वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकते. पहिली जाती लवकर पसरते आणि लवकर नष्टही होते. दुसरी सावकाश वाढते, खोडात भरपूर अन्न साठवते आणि शतकानुशतके टिकते. मात्र एकदा उखडली गेली की तिची जागा भरून यायला मनुष्याचे आयुष्य पुरत नाही. या दोन टोकांच्या दरम्यान इतर जातींची वाटणी होते.

## वाढीचे ऋतुमान ठरवणारे घटक

प्रकाश. पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सरासरी सुमारे ११ टक्के प्रकाश तळापर्यंत पोचला, तर समुद्री गवताचे कुरण टिकते, असा एक सर्वसाधारण अंदाज आहे. हॅलोफिला प्रजातीच्या काही जाती याहून कमी प्रकाशात जगतात; परंतु त्यांच्या बारीक खोडात साठा थोडा असल्याने त्या दीर्घ अंधार सोसू शकत नाहीत. ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत पूर्ण अंधारात ठेवलेले हॅलोफिला ओव्हॅलिस सुमारे महिनाभरात मरून गेल्याचे दिसले.

तापमान. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ मंदावते आणि वसंतात वेग घेते. उष्ण प्रदेशात पाणी वर्षभर पुरेसे उबदार असल्याने थंडी हा मोठा अडसर नसतो. उन्हाळी ओहोटीत उघड्या पडलेल्या पानांना मात्र उष्णता व कोरडेपणा यांचा फटका बसतो.

क्षारता. बहुतेक जातींना समुद्राची क्षारता मानवते. नदीमुखातील जाती मोठे चढउतार सोसतात. तरी दीर्घकाळ गोड्या पाण्यात राहिल्यास त्यांच्यावरही ताण येतो.

गाळ व प्रवाह. लाटा आणि पूर मूलक्षोड उखडतात. साचणारा गाळ बुटक्या पानांना गाडून टाकतो.

भरती-ओहोटी. भरतीची पातळी, दिवसातील ओहोटीची वेळ आणि उधाण-भांगाचा पंधरवड्याचा फेरा यांवर पाने किती वेळ उघडी राहतात हे अवलंबून असते. काही जातींच्या फुलण्याची वेळही उधाणाशी जुळलेली असते.

## निरनिराळ्या किनाऱ्यांवरील ऋतुचक्र

### समशीतोष्ण प्रदेश

उत्तर गोलार्धातील *झोस्टेरा मरिना* ही जाती वसंतात नवी पाने काढते, वसंत ते उन्हाळा या काळात फुलते आणि उन्हाळ्यात तिचे कुरण सर्वांत दाट असते. बी तळाशी पडून काही महिने सुप्त राहते व शरद ते पुढील वसंत या काळात रुजते. हिवाळ्यात खोडातील साठ्यावर गुजराण होते. काही उथळ जागी हीच जाती वार्षिक रूपात आढळते. म्हणजे दरवर्षी सर्व झाडे मरतात आणि पुढील पिढी केवळ बियांतून उगवते. पॉसिडोनिया ओशिआनिका याउलट शरद ऋतूत फुलते. तिची जुनी पाने त्याच सुमारास गळतात आणि किनाऱ्यावर त्यांचे जाड थर साचतात.

### भारताचा पश्चिम किनारा

कोकण व गोव्यात वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्यांची लांबी कमी व उतार तीव्र असल्याने पावसाचे पाणी थोड्या वेळात खाडीत पोचते. मांडवीसारख्या नदीमुखाचे पाणी या काळात जवळजवळ गोडे होते; उन्हाळ्यात मात्र त्याच नदीत समुद्राचे खारे पाणी कित्येक किलोमीटर आत चढते. पावसाळ्यात पाण्याचा रंग तांबूस मातकट होतो, आभाळ झाकोळलेले असते आणि प्रवाह वेगवान असतो. अंधार, गोडे पाणी, गाळ व ओढ या चारही अडचणी समुद्री गवताला एकाच वेळी गाठतात.

घाटमाथ्यापलीकडील माळरानाशी तुलना केल्यास या चक्राचे वेगळेपण स्पष्ट होते. पुणे जिल्ह्याच्या दौंड व शिरूर या तालुक्यांचा भाग पर्जन्यछायेत येतो. भांडगावसारख्या गावांच्या परिसरात माळावरचे कुसळी गवत पहिल्या पावसाने उगवते, पावसाळा सरताना फुलते, बी टाकते आणि उन्हाळ्यात वाळून जाते. खाडीतील समुद्री गवताचे वेळापत्रक बरोबर उलटे असते. माळावरच्या गवताचा बहर तो खाडीतल्या गवताचा पडता काळ, आणि माळ पिवळा पडू लागतो तेव्हा खाडीचा चिखल हिरवा होऊ लागतो. बी जमिनीत ठेवून प्रतिकूल ऋतू काढण्याची युक्ती मात्र दोघांचीही एकच आहे.

खाडीतील छोट्या जातींचे वर्ष सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे मांडता येते. प्रत्येक खाडीचा उतार, गाळ आणि त्या वर्षीचा पाऊस यांनुसार यात फरक पडतो.

| काळ | खाडीची स्थिती | कुरणाची स्थिती |
|---|---|---|
| जून ते सप्टेंबर | गोडे, गढूळ, वेगवान पाणी | पाने गळतात, कुरण विरळ होते किंवा दिसेनासे होते; बी व खोडाचे तुकडे चिखलात राहतात |
| ऑक्टोबर, नोव्हेंबर | गाळ बसतो, क्षारता वाढू लागते | बी रुजते, उरलेल्या खोडांना धुमारे फुटतात |
| डिसेंबर ते मार्च | स्वच्छ व खारे पाणी, भरपूर प्रकाश | मूलक्षोडाचा विस्तार, दाट वाढ, फुले व फळे |
| एप्रिल, मे | उष्णता व क्षारता सर्वाधिक | उंच चिखलावरील पानांवर ताण. बियांचा साठा चिखलात |

### पूर्व किनारा व बेटे

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील पाल्कची सामुद्रधुनी व मन्नारचे आखात येथे भारतातील सर्वांत विस्तृत कुरणे आहेत. तेथे *सायमोडोसिया सेर्रुलाटा*, *थॅलॅसिया हेम्प्रिची*, *एनहॅलस ॲकोरॉइडिस* अशा मोठ्या व बहुवर्षायू जाती वाढतात. मोठ्या नद्यांचा लोंढा थेट अंगावर येत नसल्याने ही कुरणे बाराही महिने दिसतात; ऋतुमानानुसार त्यांची दाटी आणि पानांची लांबी बदलते. तेथील मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला असतो. त्यामुळे एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर गढूळ पाण्याचे महिने निरनिराळे येतात.

लक्षद्वीपच्या खाजणसरोवरांत नद्या नाहीत आणि पाणी स्वच्छ असते. तेथे हिरव्या समुद्री कासवांची चराई हा मोठा घटक ठरला आहे. कासवांची संख्या फार वाढली तेथे पाने आखूड झाली, झुपके विरळ झाले आणि फुलण्याचे प्रमाण घटले, असे तेथील अभ्यासांत दिसून आले. जे झाड सतत खुडले जाते, त्याला फुलण्यासाठी साठा उरत नाही.

## पुनरुत्पादन

### शाकीय पुनरुत्पादन

कुरणाचा दैनंदिन विस्तार मुख्यतः मूलक्षोडाच्या वाढीने होतो. लाटांनी तुटलेला तुकडा वाहत जाऊन दुसरीकडे रुजू शकतो. या मार्गाने वाढलेली सर्व झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकच असतात. ऑस्ट्रेलियाच्या शार्क उपसागरातील *पॉसिडोनिया ऑस्ट्रॅलिस* जातीचा सुमारे १८० किलोमीटर लांबीवर पसरलेला विस्तार हे मुळात एकच झाड असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्याचे वय सुमारे ४,५०० वर्षे असावे, असा अंदाज आहे. शाकीय वाढीने जागा व्यापता येते. पण कुरण समूळ नष्ट झाल्यास ते पुन्हा उभे करण्यासाठी बीच लागते.

### फूल व परागण

समुद्री गवताची फुले लहान, बिनरंगी व बहुधा पानांच्या बेचक्यात दडलेली असतात. फुलपाखरू वा मधमाशी पाण्याखाली येणार नसल्याने रंग, गंध, मध यांचे प्रयोजन उरत नाही. पराग वाहण्याचे काम मुख्यतः पाणी करते. त्याच्या तीन रीती लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

* झोस्टेरा व सायमोडोसिया यांचे परागकण गोल नसून दोऱ्यासारखे लांब असतात. प्रवाहाबरोबर तरंगत जाताना असा दोरा मादी फुलाच्या कुक्षीला अडकण्याची शक्यता वाढते.
* हॅलोफिलाचे परागकण लांबट-गोल असतात. परंतु ते चिकट द्रवाने एकमेकांना जोडले जाऊन मण्यांच्या माळेसारखे वाहतात. दोऱ्याचे काम माळ करते.
* एनहॅलसची नरफुले देठापासून सुटून पृष्ठभागावर येतात व लहान होड्यांप्रमाणे तरंगतात. मादी फूल लांब देठावर वर येते आणि नरफुले त्याच्यात अडकतात. परागणानंतर तो देठ वळ्यांसारखा आक्रसून फळाला तळाशी ओढून नेतो. गोड्या पाण्यातील व्हॅलिस्नेरियातही हाच प्रकार दिसतो.

पाण्याशिवाय प्राणीही क्वचित परागवाहक ठरतात. कॅरिबियन समुद्रातील *थॅलॅसिया टेस्टुडिनम* या जातीच्या फुलांवर बारीक कवचधारी प्राणी रात्री येतात आणि पराग वाहतात, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले.

अनेक जातींत नर व मादी झाडे वेगळी असतात. हॅलोफिला ओव्हॅलिस त्यांपैकी एक. *हॅलोफिला डेसिपिएन्स* या जातीत मात्र दोन्ही फुले एकाच झाडावर असतात. नर-मादी वेगळे असलेल्या जातीत एकाच लिंगाचा पट्टा उरला, तर तो हिरवा दिसला तरी बी धरत नाही. कुरणाचे आरोग्य केवळ त्याच्या हिरवेपणावरून ठरवता येत नाही, ते यामुळे.

### बी व बियांचा साठा

बियांच्या वर्तनावरून समुद्री गवतांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. थॅलॅसिया, एनहॅलस व पॉसिडोनिया यांचे बी मोठे असते आणि ते फळातून बाहेर पडताच अल्पावधीत रुजते. त्यांना सुप्तावस्था जवळजवळ नसल्याने पुढील हंगामासाठी चिखलात शिल्लक काहीच राहत नाही.

हॅलोफिला, हॅलोड्युली व सायमोडोसिया यांचे बी टणक आवरणाचे असते. फुले व फळे चिखलाच्या अगदी जवळ, कधी चिखलातच तयार होतात. त्यामुळे बी बहुधा आईच्याच पायाशी गाडले जाते. ते काही महिने, काही जातींत एकदोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जिवंत राहते. अशा न रुजलेल्या बियांच्या समूहाला बीजसाठा म्हणतात. शेतकरी कणगीत बियाणे राखून ठेवतो, तसे हे चिखलाने राखलेले बियाणे होय. बी जागे होण्यास प्रकाश, तापमानातील बदल किंवा क्षारतेतील बदल यांपैकी काही कारण लागते. हॅलोफिला डेसिपिएन्सचे बी प्रकाश मिळाल्यावर रुजते, तर झोस्टेराच्या बियांना क्षारता कमी झाल्याने रुजण्यास चालना मिळते.

## हॅलोफिला बेक्कारी : कोकण व गोव्यातील उदाहरण

मराठी भाषकांच्या किनाऱ्यावर ऋतुनिष्ठ कुरणाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे *हॅलोफिला बेक्कारी*. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पाउल आशेरसन यांनी १८७१ मध्ये या जातीचे वर्णन केले. बोर्निओत वनस्पती गोळा करणारे इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांच्यावरून तिला नाव मिळाले. भारतापासून आग्नेय आशिया व दक्षिण चीनपर्यंतच्या किनाऱ्यांवर ती आढळते.

दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अ. गो. उंटवले व त. गो. जगताप यांनी मांडवी नदीमुखातून या जातीची नोंद १९७७ मध्ये ‘महासागर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेथील कुरणाच्या परिस्थितिविज्ञानावरचा त्यांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जगताप यांनी भारतीय किनाऱ्यावरील समुद्री गवतांच्या प्रसाराचा आढावा घेतला. दक्षिण कोकणातील खाड्यांमध्येही ही जाती वाढते.

हे झाड इतके लहान आहे की जाणकाराने दाखवल्याशिवाय ते सहसा नजरेत भरत नाही. पान सुमारे एक सेंटिमीटर लांब व एक-दोन मिलिमीटर रुंद असते. अशी चार ते दहा पाने बारीक देठाच्या टोकाला चक्राकार येतात. कांदळवनाच्या पुढे, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या मऊ चिखलावर त्याचा पातळ हिरवा थर पसरतो. दुरून पाहणाऱ्याला ते शेवाळच वाटते. फळात एक ते चारच बिया असतात. हॅलोफिला ओव्हॅलिसच्या फळात त्या वीस-तीस असू शकतात. मात्र चिखलावरील दाटी इतकी असते की झाडागणिक थोड्या बिया धरूनही मोठा बीजसाठा तयार होऊ शकतो.

ही जाती क्षारतेतील चढउतार उत्तम सोसते. म्हणून पावसाळ्यात तिची पीछेहाट केवळ गोड्या पाण्यामुळे होते असे म्हणता येत नाही; गढूळपणामुळे आलेला अंधार, वर साचणारा गाळ आणि प्रवाहाची खरड या साऱ्यांचा तो एकत्रित परिणाम आहे. आडोशाच्या जागी तिचे काही पट्टे तग धरतात व बहुवर्षायूसारखे वागतात. उघड्या जागी ती वार्षिक वनस्पतीप्रमाणे दरवर्षी नव्याने उगवते. वाढ जलद, आयुष्य थोडे आणि बी टिकाऊ, या तीन गुणांच्या बळावर ती अस्थिर चिखलात टिकून आहे.

## पूर आणि पुनर्वसाहत

बीजसाठ्याचे मोल मोठ्या आपत्तीनंतर कळते. ऑस्ट्रेलियाच्या हर्वे उपसागरात १९९२ च्या आरंभी दोन पूर व एक चक्रीवादळ लागोपाठ आल्याने सुमारे १,००० चौरस किलोमीटर कुरण नष्ट झाले. त्यावर जगणाऱ्या डुगाँगांपैकी बरेच मेले, बरेच दूर निघून गेले. दोन वर्षांच्या आत खोल पाण्यातील हॅलोफिला पुन्हा उगवू लागली, कारण तळात बी शिल्लक होते. उथळ पाण्यातील कुरणाला अधिक काळ लागला.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या किनारी सरोवरांची कथा याच्या उलट आहे. तेथील झोस्टेरा रोग आणि १९३३ चे वादळ यांमुळे नाहीशी झाली. तिचे बी फार काळ टिकत नसल्याने कुरण कित्येक दशके परतले नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून संशोधक व स्वयंसेवकांनी सात कोटींहून अधिक बिया विखुरल्या, तेव्हा सुमारे २०० हेक्टर पेरणीपासून ३,५०० हेक्टरांहून अधिक कुरण उभे राहिले. पाणी अनुकूल होते. उणीव बियांची होती.

## पर्यावरणीय महत्त्व

कुरण गाळ धरून ठेवते, पाणी निवळते आणि कर्ब दीर्घकाळ चिखलात साठवते. पानांच्या आडोशाला कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले वाढतात. डुगाँग व हिरवे समुद्री कासव यांचे ते प्रमुख अन्न आहे. कोकणातील खाड्यांत डुगाँग नसले, तरी खाडीच्या चिखलावर मासळी व शिंपल्या वेचणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्न त्या चिखलाच्या सजीवतेशी निगडित असते. हॅलोफिला बेक्कारीचे पट्टे लहान असले तरी पानगळीतून चिखलातील जिवांना त्यांच्याकडून अन्न मिळते.

## धोके व संवर्धन

१८७९ पासूनच्या उपलब्ध नोंदींवरून, जगातील समुद्री गवताच्या ज्ञात क्षेत्रापैकी सुमारे २९ टक्के क्षेत्र नष्ट झाल्याचा अंदाज २००९ मध्ये मांडला गेला. हॅलोफिला बेक्कारी ही जाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘असुरक्षित’ या वर्गात मोडते. खाड्यांतील भराव, वाळूउपसा, गाळ ढवळणारी जलवाहतूक, सांडपाणी आणि किनारी बांधकामे हे येथील मुख्य धोके होत. पावसाळ्यातील गढूळपणा या वनस्पतींच्या सवयीचा आहे. पण उपशामुळे तोच गढूळपणा हिवाळ्यातही राहिला, तर वाढीचे व फुलण्याचे महिने वाया जातात आणि बीजसाठा भरत नाही. चिखलाचा वरचा थर खरडून नेला किंवा त्यावर भराव पडला, तर साठलेले बीही जाते आणि पुढील ऑक्टोबरमध्ये उगवण्यास काही उरत नाही.

किनारी विनियमन क्षेत्राच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी समुद्री गवताच्या कुरणांना परिस्थितिकीय दृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांत, म्हणजे ‘सीआरझेड-१ अ’ वर्गात, स्थान दिले आहे. हे संरक्षण मिळण्यासाठी कुरणाची नोंद व्हावी लागते, आणि येथे ऋतूचा प्रश्न थेट उभा राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये एकदाच केलेल्या पाहणीत खाडीचा चिखल उघडा दिसेल आणि तेथे कुरण नाही असा निष्कर्ष निघेल. तीच जागा फेब्रुवारीत हिरवी असू शकते. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील पाहणी पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यापूर्वी, उधाणाच्या ओहोटीला करणे आणि शंका असल्यास चिखल चाळून बियांचा शोध घेणे इष्ट ठरते. संरक्षणाची सीमा आखताना एका वर्षीच्या हिरव्या पट्ट्याऐवजी अनेक वर्षांत तो जेथे जेथे उगवतो तो सारा चिखल विचारात घ्यावा लागतो, कारण पट्टा दरवर्षी थोडा सरकतो.

पुनर्लागवडीतही जातीचा स्वभाव व ऋतू पाहावा लागतो. मन्नारच्या आखातात तुतिकोरिन येथील सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेने समुद्री गवताची पुनर्लागवड केली आहे. तमिळनाडू शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले; त्यात तेथील कुरणांचेही रक्षण अभिप्रेत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ मध्ये केलेल्या ठरावानुसार १ मार्च हा जागतिक समुद्री गवत दिन म्हणून पाळला जातो. कोकणातील शाळा-महाविद्यालयांना ही तारीख विशेष सोयीची आहे, कारण त्या सुमारास खाडीतील कुरण वाढीच्या हंगामात असते आणि ओहोटीच्या वेळी काठावरून पाहता येते. पाहणी करताना चिखल तुडवू नये व झाडे उपटू नयेत.

## हेही पाहा

* कांदळवन
* खाडी
* हायड्रिला
* व्हॅलिस्नेरिया
* डुगाँग
* मालवण सागरी अभयारण्य